शाडूची मूर्ती आणि सोसायटीतच विसर्जन: ९६ घरांना पटवायचं कसं?

पाथर्डीफाटा
नमस्कार. नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत चार विंग आहेत, प्रत्येकीत २४ घरं. ९६ पैकी ८८ घरांत गणपती बसतो, प्रत्येक विंगमध्ये २२. जास्तीत जास्त घरांनी शाडूची मूर्ती आणावी आणि विसर्जन गोदावरीत किंवा वालदेवीत न करता बादलीत वा सोसायटीच्या टाकीत करावं, असा प्रयत्न आहे. २०२४ मध्ये ९ घरांनी असं केलं (सी विंग ३, बाकी तीन विंग मिळून ६). २०२५ मध्ये २१ घरांनी (सी विंग ११, बाकी १०).

गेल्या वर्षी लिफ्टमध्ये ही नोटीस लावली होती: "आपल्या सोसायटीतील बहुतांश घरे आजही पीओपीच्या मूर्ती आणून नदी प्रदूषित करतात. हे थांबलेच पाहिजे." व्हॉट्सॲप ग्रुपवर नदीकाठच्या भग्न मूर्तींचे फोटो टाकले. त्यावर तिघांनी "आमच्याच सणांवर बंधनं का" असं लिहिलं आणि पुढे ग्रुपवर कुणी काही बोललंच नाही.

सी विंगमध्येही नोटीस तीच होती. फरक एवढाच, की तिथल्या तीन घरांनी २०२४ मध्ये प्रवेशद्वारापाशी टब ठेवून आरती करून विसर्जन केलं होतं. बाकीच्या विंगमधल्यांनी आपापल्या बाल्कनीत केलं.

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, हातात दहा आठवडे आहेत. मानसशास्त्राच्या दृष्टीने नोटिशीत काय चुकलं, आणि यंदा कामाचा क्रम काय ठेवावा? समितीतल्या काहींचं म्हणणं आहे की पीओपी आणणाऱ्यांची नावं फलकावर लावावीत. त्याबद्दलही मत हवं आहे.


समाजमन
नोटिशीपासून सुरुवात करतो, कारण ही चूक सरकारी जाहिरातींपासून शाळेच्या सूचनाफलकापर्यंत सगळीकडे होते.

तुमच्या एका वाक्यात दोन निरोप आहेत. "थांबलेच पाहिजे" हा एक. "बहुतांश घरे असंच करतात" हा दुसरा, आणि वाचणाऱ्याच्या मनात तोच जास्त मुरतो. लोक काय योग्य मानतात आणि लोक प्रत्यक्षात काय करतात, हे दोन वेगळे दबाव आहेत. ते उलट दिशांना ओढू लागले की साधारणपणे दुसरा जिंकतो. पीओपी आणणाऱ्या माणसाने नोटीस वाचून काढलेला अर्थ एवढाच, की आपण एकटे नाही, चारचौघांसारखेच आहोत.

यावरचा रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातला आहे. तिथले पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. संशोधकांनी खुणा केलेले तुकडे वाटांवर ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. "आजवर अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे" या आशयाची पाटी असताना ७.९२ टक्के तुकडे गेले. "कृपया लाकूड नेऊ नका" एवढंच सांगणारी पाटी असताना १.६७ टक्के. चोरीची खंत सांगणाऱ्या पाटीनेच चोरी ही नेहमीची गोष्ट ठरवली.

म्हणून पहिलं काम: चुकीच्या वागणुकीचं प्रमाण सांगणारा मजकूर काढून टाका. लिफ्टमधून, ग्रुपमधून आणि सभेतल्या भाषणातूनही. "लोक ऐकतच नाहीत" हे वाक्य समितीच्या तोंडून जितक्या वेळा निघेल तितक्या वेळा ती परिस्थिती पक्की होत जाते.

आता अडचण अशी की ८८ पैकी २१ हे बहुमत नाही, आणि खोटं बहुमत सांगायचं नाही. इथे दोन खरे मार्ग आहेत.

पहिला, आकडा स्थिर न सांगता त्याची चाल सांगायची. स्टॅनफर्डच्या ग्रेग स्पार्कमन आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात उपाहारगृहात रांगेत उभ्या असलेल्यांना मांस कमी खाण्याविषयीचा मजकूर वाचायला दिला. "३० टक्के लोक कमी खायचा प्रयत्न करतात" असं वाचणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं. "गेल्या काही वर्षांत ३० टक्के लोकांनी प्रयत्न सुरू केला आहे" असं वाचणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. आकडा तोच, फक्त तो वाढतो आहे हे दिसलं. तुमच्याकडे ९ वरून २१ हा आकडा तयारच आहे.

दुसरा, गट लहान धरायचा. सी विंगमध्ये २२ पैकी ११, म्हणजे निम्मी घरं. त्या विंगच्या लिफ्टमध्ये "आपल्या विंगमधल्या गणपती बसणाऱ्या निम्म्या घरांनी" असं लिहिता येतं आणि ते शंभर टक्के खरं आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉटेलातल्या टॉवेलांच्या प्रयोगात पर्यावरणाचं साधं आवाहन वाचून ३५.१ टक्क्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, "बहुतेक पाहुणे वापरतात" हे वाचून ४४.१ टक्क्यांनी. पुढच्या फेरीत "याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे" असं लिहिल्यावर आकडा ४९.३ पर्यंत गेला. हे आकडे जसेच्या तसे डोक्यात ठेवू नका. जर्मनीतल्या हॉटेलांत हाच प्रयोग केला तेव्हा असा फायदा दिसला नाही. पण जवळच्या माणसाचं वागणं लांबच्यापेक्षा जास्त ओढतं, ही दिशा इतर अनेक अभ्यासांत दिसते.

सी विंगचं कोडंही बहुधा इथेच सुटतं. बाल्कनीतलं विसर्जन शेजाऱ्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते रूढी होत नाही. प्रवेशद्वारातल्या टबाभोवती आरती झाली, मुलं जमली, जाणाऱ्या-येणाऱ्याने हात जोडले. "बादलीत बुडवणं म्हणजे अपमान" ही शंका तिथे युक्तिवादाशिवाय विरली. अर्थात सी विंगमध्ये वयोगट वेगळा असू शकतो, एकमेकांच्या नात्यातली घरं असू शकतात. एका विंगवरून सिद्धांत बांधता येत नाही, पण यंदा चारही विंगच्या दाराशी टब ठेवायला एवढा पुरावा पुरे.

भग्न मूर्तींच्या फोटोंबद्दल. भीती आणि किळस मत बदलते, पाय हलवत नाही. येल विद्यापीठात १९६५ मध्ये हॉवर्ड लेव्हेंथल यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पत्रकं दिली, काही भडक, काही सौम्य. भडक वाचणाऱ्यांनी लस घ्यायची इच्छा जास्त दाखवली, पण प्रत्यक्ष लस घेणाऱ्यांची संख्या तेवढ्याने वाढली नाही. फरक पडला तो सोबत दवाखान्याचा नकाशा, वेळा आणि "तुमच्या आठवड्यात कधी जमेल ते ठरवा" ही सूचना दिल्यावर: २८ टक्के गेले, नकाशाविना ३ टक्के. दवाखाना कुठे आहे हे त्या मुलांना आधीच ठाऊक होतं, तरीही.

तुमच्या फोटोंसोबत नकाशा नव्हता. मूर्ती कुठून, किती इंचाची, कोणत्या तारखेपर्यंत नोंदवायची, विसर्जन कुठे, किती वाजता, हे काहीच नव्हतं. आणि फोटो येईपर्यंत मूर्ती घरी आलेली होती. मूर्ती नोंदवली जाते आषाढ-श्रावणात, त्यामुळे निर्णयही तेव्हाच होतो. यंदा अधिक मासामुळे श्रावण १३ ऑगस्टला लागतो, तुमची सगळी शक्ती त्याच्या आधीच्या चार-पाच आठवड्यांत लागली पाहिजे. भाद्रपदात लावलेली नोटीस फक्त अपराधी वाटायला लावते.


मातकाम
मानसशास्त्र बाजूला ठेवून वस्तूबद्दल लिहिते. वस्तूनेच दगा दिला तर पुढच्या वर्षी कुणी ऐकणार नाही.

शाडू म्हणून पीओपी गळ्यात पडते, हा सगळ्यात मोठा धोका. ओळखायला मूर्ती उलटी करून तळाचा बिनरंगाचा भाग बघा. ओलं बोट अर्धा मिनिट घासलं की शाडू चिकट होते आणि बोटाला माती लागते. पीओपी पांढरी, कडक राहते. त्याच उंचीची शाडूची मूर्ती हाताला स्पष्ट जड लागते.

जड आणि ठिसूळ, म्हणून लोक घाबरतात. सोंडेचं टोक, हात आणि कान आधी तुटतात. सरसकट "शाडू आणा" म्हणण्यापेक्षा ९ ते १२ इंच, बैठी, हात अंगाला लागून असलेली मूर्ती सुचवा. दीड-दोन फुटांची शाडू चौथ्या मजल्यावर न्यायची म्हटलं की माणूस पीओपीकडे वळतो, आणि त्याचं काही चूकही नाही.

विरघळण्याचं गणित असं: माती पूर्ण वाळलेली हवी, मूर्ती मुकुटापर्यंत बुडायला हवी, रंग पाण्याचा हवा. ९ इंची मूर्तीला २० लिटरची बादली लागते. काही तासांत आकार बसतो, रात्रभरात तळाशी गाळ होतो. तैलरंग किंवा वॉर्निश असेल तर पाणी आत शिरत नाही आणि मूर्ती दुसऱ्या दिवशीही तशीच उभी दिसते. नोंदवतानाच "वॉर्निश नको" असं कारागिराला सांगा. हार, वस्त्र, दागिने आधी काढा.

सामायिक टाकीत एक जरी पीओपी मूर्ती गेली तरी सगळं बिघडतं. सकाळी ती अर्धवट पांढरी दिसते, कुणीतरी फोटो काढतं आणि "बघा, देवाची विटंबना" म्हणून तो ग्रुपवर फिरतो. त्यामुळे टाकीपाशी एक माणूस सतत हवा. पीओपी घेऊन आलेल्याला परत पाठवू नये. उत्तरपूजा टाकीपाशीच करू द्यावी आणि मूर्ती वेगळ्या स्वच्छ पाटावर ठेवून महापालिकेच्या संकलन केंद्रावर पोचवावी. घरी विरघळवायची असेल तर अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे: मूर्तीच्या वजनाइतकी पावडर पाण्यात मिसळायची, दोन-तीन तासांनी ढवळत राहायचं, साधारण ४८ तास लागतात. अमोनियाचा वास येतो, म्हणून बंद न्हाणीघरात नको, उघड्यावर करा.

गाळाचं काय करणार हेही आधी सांगा. नुसती शाडू कुंडीत घातली की पाणी साचून मुळं कुजतात. एक भाग शाडूला तीन-चार भाग बागेची माती आणि खत मिसळा.


रविवारकारंजा
नावं लावण्याच्या बाजूने लिहितो, कारण पुरावा त्या बाजूला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात २००६ च्या ऑगस्टमधल्या निवडणुकीआधी गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर यांनी पत्रं पाठवली. ज्यांना काहीच पाठवलं नाही त्यांच्यात मतदान २९.७ टक्के झालं. ज्यांच्या पत्रात त्यांनी आणि शेजाऱ्यांनी आधी मतदान केलं होतं की नाही याची यादी होती, आणि निवडणुकीनंतर पुन्हा यादी पाठवू असं म्हटलं होतं, त्यांच्यात ३७.८ टक्के. नुसत्या कर्तव्याच्या आवाहनाने दोन टक्क्यांच्या आतबाहेरच फरक पडला. "लोक काय म्हणतील" याच्याइतकं जोरदार हत्यार दुसरं नाही. गोड बोलून २१ चे २८ होतील, फलक लावून ६०.


समाजमन
@रविवारकारंजा, आकडे बरोबर आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. पण तो प्रसंग आणि हा प्रसंग तीन ठिकाणी वेगळा आहे.

मतदान करावं यावर त्या सगळ्या शेजाऱ्यांचं एकमत होतं. इथे तिघांनी उघड म्हटलं आहे की हा सणावरचा घाला आहे. मूल्यावर एकमत नसताना लाजवलं तर माणूस लाजत नाही, तो गट बदलतो. फलकावरची ६७ घरं उद्या "आम्ही परंपरा पाळणारे" म्हणून एकत्र येतील, आणि तो फलकच त्यांना ते बहुमत आहेत हे दाखवील. पेट्रिफाइड फॉरेस्टची पाटी पुन्हा, यावेळी नावानिशी.

दुसरं, पत्र पाठवणारा लांबचा होता. तुम्हाला त्याच लिफ्टने वर्षभर जायचं आहे. गळतीची तक्रार, पार्किंग, देखभाल खर्च, सगळीकडे हा राग झिरपतो.

तिसरं, जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलेली प्रतिक्रिया: स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की ती गोष्ट आणखी हवीशी होते. सक्ती जितकी उघड आणि विषय जितका जिव्हाळ्याचा, तितकी ती तीव्र. देव्हाऱ्याइतका जिव्हाळ्याचा विषय दुसरा कुठला? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, महापालिकेचे नियम आहेत, ते जसेच्या तसे फलकावर लावा. नियम सांगणं हे समितीचं काम आहे. शिक्षा ठरवणं आणि नावं टांगणं हे तिचं काम नाही.

उलट बाजूची नावं लावायला मात्र हरकत नाही, ज्यांनी शाडू आणली त्यांची, आणि तीही त्यांना विचारून. सॅन मार्कोस, कॅलिफोर्निया इथे वीज वापराचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. घरांना शेजाऱ्यांची सरासरी कळवली तेव्हा जास्त वापरणारे खाली आले, पण आधीपासून कमी वापरणारे वर सरकले. त्यांच्या कागदावर शाबासकीचा नुसता हसरा चेहरा काढला तेव्हा ते वर सरकणं थांबलं. तुमच्या २१ घरांना गृहीत धरू नका. ती यंदा गळली तर ९-२१ ची चालच मोडते. त्यांच्या दाराशी जाऊन आभार माना आणि यंदाची मूर्ती नोंदवली का ते विचारा. सगळ्यात आधी हेच करा.


उत्तरपूजा
निरोप कोण सांगतो यावर कुणी बोललं नाही. समितीच्या सचिवाने नदीवर व्याख्यान दिलं की ते पर्यावरणाचं राहतं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते सणाच्या विरुद्ध उभं राहतं. तेच पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी सांगितलं तर सणाच्या आतलं होतं.

आणि सांगण्यासारखं आहे. हे व्रतच पार्थिव गणेशाचं आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीचं, मातीचं. प्राणप्रतिष्ठा करून पुजायचं, उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवायची, "पुनरागमनाय च" म्हणून निरोप द्यायचा. देवत्वाचा निरोप तिथे झाला. त्यानंतर माती पाण्यात मिळवायची आहे. ती पूर्ण मिळणं महत्त्वाचं, पाणी किती मोठं हे नाही. टाकीत सुरुवातीला गोदावरीचं तांब्याभर पाणी घाला. ज्यांना नदीचा संबंध तुटल्याची हुरहुर आहे त्यांच्यासाठी तो तांब्या फार मोठा आहे.

सोसायटीत पूजेला येणारे गुरुजी दोन-तीनच असतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी बोला. त्यांना हे पटलं नसेल तर त्यांच्या तोंडी घालू नका.


पाथर्डीफाटा
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. फलकाचा विषय समितीत मागे घ्यायला लावतो. तीन गोष्टी अजून स्पष्ट हव्यात. घरोघरी जाताना नेमकं काय बोलायचं? ग्रुपवर पुन्हा त्या तिघांनी सुरुवात केली तर काय करायचं? आणि यश मोजायचं कसं? दोन विंगमध्ये वेगवेगळा मजकूर लावून तुलना करावी का?


समाजमन
ग्रुपचं आधी. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या रेषांच्या प्रयोगांत दबाव तयार व्हायला मोठा जमाव लागला नाही. तिघं एकमुखाने चुकीचं बोलले की परिणाम जवळजवळ पूर्ण होत असे, माणसं वाढवून फार फरक पडत नसे. पण एकाने जरी वेगळं उत्तर दिलं तरी दबाव कोसळायचा. तुमच्या ग्रुपवर तिघं बोलले आणि बाकीचे गप्प बसले. गप्प बसलेल्या प्रत्येकाला वाटलं की इतर गप्प आहेत ते सहमत आहेत म्हणून.

यावर उपाय वाद घालणं नाही. कमी शब्दांत, शांतपणे, वेगळं बोलणारा एक माणूस पहिल्या काही मिनिटांत हवा: "आमच्याकडे यंदाही शाडूच, टाकीपाशी आरतीला या." एवढंच. त्या तिघांना उत्तर नाही, टोमणा नाही. असं लिहायला दोन घरं आधी विचारून ठेवा. लिहितील ते त्यांचं स्वतःचं आणि खरं असावं, मजकूर तुम्ही लिहून द्यायचा नाही.

त्याआधी एक चिठ्ठी फिरवा. नाव नाही, विंगही नाही, दोनच प्रश्न. एक: यंदा तुमच्या घरी मूर्ती कशाची असेल? दोन: शेजाऱ्याने शाडूची मूर्ती आणून सोसायटीतच विसर्जन केलं तर तुम्हाला चालेल का? प्रिन्स्टनमध्ये प्रेन्टिस आणि मिलर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की विद्यार्थी दारूच्या बाबतीत स्वतः जितके अस्वस्थ होते, त्यापेक्षा इतर सगळे निवांत आहेत असं प्रत्येकाला वाटत होतं. असा सामूहिक गैरसमज तुमच्याकडे आहे की नाही ते दुसऱ्या प्रश्नातून कळेल. "चालेल" म्हणणारे बहुसंख्य निघाले तर तो आकडा लिफ्टमध्ये लावा. नाही निघाले तर लावू नका, आणि मग गुरुजींच्या मार्गाने आधी जा.

आता घरोघरी. त्याच विंगमधलं, गेल्या वर्षी स्वतः केलेलं माणूस जावं, जोडीने, शक्यतो रविवारी सकाळी. पहिली विनंती लहान: निर्माल्य वेगळं ठेवाल का, खाली कलश ठेवतो आहोत. १९६६ मध्ये पालो आल्टोत फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी आधी खिडकीत तीन इंची "सुरक्षित गाडी चालवा" चिठ्ठी लावायला सांगितली. दोन आठवड्यांनी अंगणात मोठी कुरूप पाटी लावायला विचारलं तेव्हा ७६ टक्के हो म्हणाले, थेट विचारलेल्यांपैकी १७ टक्के. पुढे हाच प्रयोग अनेकांनी केला आणि सगळे मिळून पाहिलं तर परिणाम बराच लहान निघतो, कित्येकदा निघतही नाही. तो टिकतो तेव्हा तीन अटी पाळलेल्या असतात: पहिली विनंती त्याच विषयातली, ती प्रत्यक्ष केली गेलेली (नुसतं हो म्हटलेलं नाही), आणि माणसाने ती आपणहून केलेली. कलशाबरोबर भेटवस्तू किंवा देखभालीत सूट दिली की तो म्हणेल, सूट होती म्हणून केलं. मग पुढच्या पायरीला आधार राहत नाही.

दुसरी भेट दोन आठवड्यांनी. हातात कार्ड, त्यावर तीन रिकाम्या जागा: मूर्ती कुठून, कोणत्या तारखेपर्यंत नोंदवणार, किती इंचाची. घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने भरायची आणि फ्रिजवर लावायची. तुम्ही भरून दिलीत तर ते तुमचं पत्रक होतं. शेवटी एवढं जरूर म्हणा: "अर्थात, काय करायचं ते तुमच्या घरचं ठरवा." हे वाक्य बोलल्याने होकार वाढतो असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे, पण ते मनापासून म्हणायचं असेल तरच म्हणा. नकार आला की वाद न घालता निघा आणि विसर्जनाच्या आरतीचं आमंत्रण तरीही द्या. "मूर्ती संपत आल्या आहेत" अशी खोटी घाई दाखवायची नाही. कारागिराकडे शंभर शिल्लक आहेत हे एका फोनमध्ये कळतं, आणि मग तुमचे खरे आकडेही कुणी खरे मानत नाही.

ए, बी, डी विंगसाठी लिफ्टचा मजकूर: "२०२४ मध्ये सोसायटीतल्या ९ घरांनी शाडूच्या मूर्तीचं विसर्जन इथेच केलं. २०२५ मध्ये २१ घरांनी. यंदा प्रत्येक विंगच्या दाराशी टब आणि आरतीची सोय आहे. मूर्ती नोंदवण्यासाठी कारागिरांची यादी खाली." सी विंगमध्ये पहिल्या दोन वाक्यांऐवजी: "आपल्या विंगमधल्या गणपती बसणाऱ्या निम्म्या घरांनी गेल्या वर्षी शाडूच्या मूर्तीचं विसर्जन इथेच केलं." नदी, प्रदूषण, थांबवा, हे शब्द नाहीत. त्याची जाणीव नसलेलं माणूस नाशकात सापडणार नाही.


अंकगणित
मोजण्याबद्दल. दोन विंगमध्ये वेगळा मजकूर लावून तुलना करू नका. २२ घरांपैकी एका विंगमध्ये १० आणि दुसरीत १४ निघाले तर मजकुराचा विजय म्हणून टाळ्या पडतील, पण एवढ्या लहान संख्येत असा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. शिवाय लिफ्ट वेगळ्या असल्या तरी ग्रुप एकच आहे, ए विंगचा मजकूर संध्याकाळपर्यंत डी विंगमध्ये पोचलेला असतो.

त्याऐवजी प्रत्येक विंगचा पायरीपायरीने हिशेब ठेवा: किती घरी पहिली भेट झाली, किती घरांचं निर्माल्य कलशात आलं, किती कार्डं भरली गेली, किती मूर्ती शाडूच्या आल्या, किती विसर्जनं टाकीत झाली. गळती कुठे होते ते यातून दिसतं. कार्डं ४० आणि शाडूच्या मूर्ती १५ असतील तर पटवण्यात चूक नाही, मूर्ती मिळण्यात किंवा किमतीत अडचण आहे. शाडूच्या ४० आणि टाकीत १५ असतील तर टाकीचीच काहीतरी भानगड आहे, जागा, वेळ किंवा स्वच्छता.

८८ हा छेदही नक्की करून घ्या. यंदा कुणाकडे सुतक असेल, कुणी गावी गणपती बसवेल. छेद बदलला आणि अंश तोच राहिला तरी टक्केवारी वाढते, आणि पुढच्या वर्षी लिफ्टमध्ये लावायचा आकडा खोटा पडतो.


मातकाम
टाकीपाशी वही आणि पेन बांधून ठेवा. दीड दिवसाच्या, पाच दिवसांच्या, गौरींबरोबरच्या आणि २५ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीच्या विसर्जनांना वेगवेगळी पानं. फ्लॅट क्रमांक नको, फक्त विंग, मूर्ती कशाची, किती इंच आणि सकाळपर्यंत पूर्ण विरघळली की नाही. शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी सहा-साडेसहाला, लोक खाली उतरायच्या आत भरायचा. काही उरलं असेल तर ते तेव्हाच काठीने फोडून, टाकीवर कापड टाकायचं.